डावा हात खिशात

पारशिवनी
४ मार्च १९७४

॥ श्री ॥

श्रीमती सिंधूवहिनी यांस,
मधुकररावाचा स. न. वि. वि.

कै. देवरावला जाऊन चार महिने होत आले. तारघरातले सहकारी तुम्हाला भेटून जात असतील, पण त्याचा रेडिओतला जोडीदार मी एकटाच. अठरा वर्षं दर सुट्टीला मी पारशिवनीहून यायचो आणि तुमच्या मागच्या खोलीत बसून आम्ही दोघं देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलायचो. शाळेत मुलांना विज्ञान शिकवताना आजही त्याची आठवण येते.

आता मुद्द्याचं. त्या खोलीत तो मोठा काळा अँप्लिफायर पडून आहे. बारा वर्षांपूर्वी कामठीच्या लष्करी लिलावातून आणलेला सांगाडा देवरावनं मोठ्या हौसेनं दुरुस्त केला, हे खरं. पण आता त्यात काही राम राहिलेला नाही. व्हॉल्व म्हातारे झाले, ट्रान्सफॉर्मर कधी जळेल त्याचा नेम नाही. स्पष्ट सांगायचं तर ते भंगार आहे आणि तुमची एक खोली उगीच अडवून बसलं आहे. मी ओळखीच्या ट्रकवाल्याला पाठवतो आणि लोखंडाच्या भावानं होईल ते देऊन टाकतो. दुसऱ्या कुणाला दाखवत बसू नका, लोक बाईमाणसाला फसवतात.

तुमचा,
मधुकरराव


इंदोरा, नागपूर
९ मार्च

जयभीम.

मधुकरराव मास्तर,

पत्र भेटलं. पहिले एक सांगते. आमच्यात 'कै.' लिहीत नाई. आमचा मानूस कैलासाले गेला नाई. 'कालकथित' लिहा. अठरा वर्षं या घरात आले, एवढं तरी ध्यानात राहाले पाहिजे होतं.

अँप्लिफायर तुमाले भेटनार नाई. तो विकला गेला समजा. आमच्या बस्तीतला विश्वनाथ लाउडस्पीकर भाड्यानं देते, त्यानं मांगतला अन् म्या हो म्हनलं. भीमजयंतीले चौकात लागन. देवराव होता तवा मंडळाची पोरं दरवर्षी दारात येत, म्हनत, 'देवरावभाऊ, माइकचं तेवढं पाहून द्या.' अन् हा आतून कडी लावून जपानवाल्यासंगं टिकटिक करत बसे. लोक म्हनत, देवरावले परदेशातले चालते, आपल्यातले चालत नाई. हे सारं म्या नळावर उभं राहून ऐकलं, तुमी नाई. आता मानूस गेला, पन त्याची मशीन तरी बस्तीच्या कामाले येईन. म्या चारचौघात शब्द देल्ला हाये. बोर्डसुद्धा रंगवून झाला, 'कालकथित देवराव मेश्राम यांच्या अँप्लिफायरवरून'.

अन् भंगार हाये म्हनता, तर भंगारासाठी पारशिवनीहून ट्रक काहून पाठवता?

सिंधू मेश्राम


पारशिवनी
१३ मार्च

वहिनी,

तुम्ही भलतंच काय करून बसलात! तो अँप्लिफायर लाउडस्पीकरचा नव्हे. नीट वाचा. देवराव तारेशिवाय, आकाशातून जगाशी बोलायचा. त्याच्या रेडिओतून ज्या लहरी निघत, त्या हे यंत्र मोठ्या करून दूर धाडतं. कानाला ऐकू येणारा आवाज त्यातून निघतच नाही. भोंगा जोडायला त्याला जागासुद्धा नाही. चौकात ठेवलात तर नुसता तापेल.

आणि दुसरं, अधिक महत्त्वाचं. तुमच्या घरच्या दिव्याला दोनशे तीस व्होल्ट लागतात. या पेटीत दोन हजार असतात. झाकण उघडून कुणी हात घातला तर तो माणूस जागेवर संपेल. हे परवानाधारक, जाणत्या माणसाच्या हातात द्यायचं यंत्र आहे, बस्तीतल्या पोरांच्या हातात नव्हे.

यंत्र उत्तम स्थितीत आहे. देवरावच्या हाताला तोड नव्हती. तुमचा तो विश्वनाथ देऊ शकणार नाही अशी किंमत मी देतो. त्याला नाही म्हणून सांगा.

मधुकरराव


इंदोरा
१८ मार्च

मास्तर,

चार तारखेले भंगार होतं, तेरा तारखेले त्याचा वाघ झाला. मधल्या दिवसांत तुमी त्याले काय खाऊ घातलं? मांजर डोळे मिटून दूध पेते, तिले वाटते कोनी पाहून नाई राहिलं.

देवराव सोताच्या तोंडानं सांगे, 'सिंधू, हा आवाज मोठा करते.' माह्या नवऱ्याचं खोटं अन् तुमचं खरं? विश्वनाथ आयटीआय शिकला हाये, सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं हाये त्यानं. पन तुमाले 'बस्तीतलं पोर' एवढंच दिसलं. तुमच्या हातात मशीन, आमच्या हातात मरन. मले समजते बरं हे.

अठरा वर्षं तुमी माह्या घरात थर्मास घेऊन आले. घरून आनलेला चहा, घरून आनलेलं पानी. माह्या घरचा एक घोट तुमच्या घशाखाली गेला नाई. देवराव म्हने, 'जाऊ दे, दोस्त हाये.' तो तुमचा दोस्त होता, मी नाई. म्या दर वेळी चहा ठेवला अन् दर वेळी तुमी गेल्यावर नालीत ओतला.

आता ह्याच घरातली मशीन बरी पाहिजे तुमाले! तिले नाई लागत काय काई?

सिंधू मेश्राम


पारशिवनी
२२ मार्च

श्रीमती मेश्राम यांस,

मला आम्लपित्ताचा त्रास आहे. बाहेरचा चहा मी कुणाच्याच घरी घेत नाही. देवरावला हे ठाऊक होतं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत जातीवरून मला बोट दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुम्हाला सभ्य भाषा कळत नसेल तर कायद्याची ऐका. असं यंत्र जवळ बाळगायला दिल्लीचा परवाना लागतो. देवरावचा परवाना त्याच्याबरोबर संपला. विश्वनाथकडं तो नाही, तुमच्याकडं नाही. म्हणजे आज ते यंत्र तुमच्या घरात बेकायदा आहे. आठ दिवसांत ते माझ्या ताब्यात आलं नाही तर दिल्लीला आणि तुमच्या भागातल्या ठाण्याला कळवणं मला भाग पडेल. जप्ती झाली की तुमच्या बस्तीत तुमचं काय नाव होतं ते तुम्हीच बघा.

म. रा.


इंदोरा
२६ मार्च

लिहा दिल्लीले. ठाण्यातही लिहा. मास्तर, तुमच्यासारखे कागद दाखवून भेव दाखवनारे माह्या बापानं लय पायले, म्या तर त्याहूनही जास्त.

पोलीस येन्याच्या आधी मशीन घरातून जाईन. जयंतीची वाट पाहनं सोडलं. विश्वनाथ रविवारीच, ३१ तारखेले, घेऊन जाऊन राहिला. आधी तो चालू करून पाहीन, मंग उघडून त्याले भोंग्याच्या तारा बसवन. झालं समाधान?


पारशिवनी
शनिवार, ३० मार्च

सिंधूवहिनी,

ही चिठ्ठी एसटी कंडक्टर भैय्याजी रविवारी पहिल्या गाडीनं तुमच्या हातात देईल. भांडण मागाहून करू. त्या पोराले थांबवा.

माझं पहिलं पत्र खोटं होतं. भंगार म्हटलं, कारण मला तो स्वस्तात हवा होता. माझा स्वतःचा अँप्लिफायर एका व्हॉल्वचा आहे. देवरावचा आवाज जपानात ऐकू जायचा, माझा रायपूरच्या पुढं कुणी ऐकत नसे. त्याच्या यंत्रावर मी बोललो तरी तिकडचे लोक विचारायचे, देवराव कसा आहे? मला कधी कुणी विचारलं नाही, मी कसा आहे. म्हणून खोटं लिहिलं. पण दुसरं पत्र खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं होतं.

विश्वनाथ म्हणेल, प्लग काढला म्हणजे करंट गेला. इथंच माणूस मरतो. आत तेल भरलेला एक चपटा डबा आहे, तो प्लग काढल्यावरही करंट धरून बसतो. तो आपोआप उतरवणारा एक भाग असतो, तो दिवाळीच्या आधी जळाला होता आणि नवा टाकायच्या आत देवराव गेला.

उघडायचंच झालं तर डावा हात खिशात. देवराव घालायचा तसा. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. एका हातानं काम केलं तर निदान वाचायची आशा असते. खोलीत बांबूची काठी आहे, टोकाला पितळेचा आकडा, आकड्याला तार. ती तार नळाच्या पाइपाला बांधायची, लांब उभं राहून आकडा त्या डब्याच्या टोकांना टेकवायचा. बार उडेल. उडाला की समजायचं, आता धोका नाही.

मॅट्रिकचं परीक्षा केंद्र माझ्याकडं असल्यानं मला स्वतः येता येत नाही. हात जोडतो, त्याले थांबवा.

मधुकर


इंदोरा
२ एप्रिल

मास्तर,

पहिले एक इचारते. रविवारी परीक्षा असते काय? ज्या गाडीत तुमची चिठ्ठी बसून आली, त्या गाडीत तुमाले जागा नव्हती?

चिठ्ठी वाचून म्या चुलीत घालनार होती. म्हनलं, मास्तरचा नवा डाव. पन 'डावा हात खिशात' वाचलं अन् चिठ्ठी चुलीपासून मांगं घेतली. हे तुमी बनवून लिहूच शकत नाई. म्या चहा घेऊन जाव तर हा मशीनपाशी उभा, एक हात आत अन् एक खिशात, मोठ्या साहेबासारखा. कप घ्याले हात बाहेर काढत नसे. 'ठेव तिथं' म्हने. म्या म्हनो, बायकोच्या हातून कप घ्याले एवढी कायची अकड? या हातावरून आमची अशी भांडनं झाली का मी दोनदा माहेरी जाऊन बसली. तो हसे. कधी सांगतलं नाई का तो हात खिशात काहून हाये.

मी तशीच पळत सुटली, पायात चपला नाई. विश्वनाथच्या अंगनात ही गर्दी! त्यानं मशीन चालू केली होती, व्हॉल्व पेटले, पोरायनं टाळ्या वाजवल्या, पन आवाज काई निघेना. म्हनून प्लग काढून झाकन खोलून राहिला होता. दोन्ही हात आत जानार एवढ्यात मी ओरडली, 'विश्वनाथ, हात मांगं घे!' तो म्हने, 'काकू, करंट काढला हाये, हा पाहा प्लग.' जसं तुमी लिहिलं तसंच बोलला. म्या त्याचं मनगट धरून त्याले मांगं ओढलं.

ती काठी घरी होती. देवराव गेल्यापासून म्या तिच्यावर लुगडी वाळू घालत होती, तार कापून फेकून देल्ली होती. माह्या पोरीले, प्रेमिलाले पळवलं, तिनं काठी आनली, विश्वनाथनंच नवी तार बांधून देल्ली. नळाले लावली. साऱ्यायले अंगनाच्या बाहेर काढलं अन् आकडा म्या टेकवला. दुसऱ्या कोनाच्या लेकराले कशी टेकवाले लावू? असा बार उडाला का चौकातली कुत्री पळाली. विश्वनाथची माय त्याले धरून अशी रडली, मास्तर, का मले तिच्याकडं पाहवेना.

तर तुमचं खरं निघालं. व्हा खुश. पन आता ऐका.

बारा वर्षं हे मरन माह्या घरात होतं. बाजूच्या खोलीत माहे दोन लेकरं झोपत. प्रेमिला रांगत रांगत त्या मशीनपाशी जाई अन् म्या तिले चेंडू आनाले पाठवो तिथं. तुमी दोघं देशोदेशी बोलत होते, जपानवाल्याले त्याची तब्येत इचारत होते, अन् भिंतीच्या अल्याड भाकरी थापनाऱ्या बाईले एक वाक्य सांगनं झालं नाई? देवरावचा मले असा राग येऊन राहिला का काय सांगू. मेलेल्या मानसावर रागावू नये म्हनते लोक. मले येते राग. तो रोज मरनाच्या समोर उभा राहिला अन् मी त्याले अकडू म्हनत राहिली. त्यानं सांगतलं असतं तर मी भांडली नसती. त्यानं सांगतलं असतं तर मीच म्हनली असती, चहा राहू द्या, हात आत ठेवा.

आता जयंती बारा दिवसांवर हाये. बोर्ड रंगवून बसला हाये अन् मशीनीतून आवाज निघत नाई. चौकात काय तोंड दाखवू, ते माह्यं मी पाहीन. तुमी येन्याची गरज नाई.

सिंधू


पारशिवनी
६ एप्रिल

सिंधूवहिनी,

विश्वनाथ सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही धीराच्या आहात, हे मान्य करतो.

तुमचा रागही समजू शकतो. मात्र बायकांना असल्या गोष्टी सांगून घरात भीती कशाला पसरवायची, असं आमचं दोघांचं मत होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. पुरुष माणूस बाहेरचे धोके घरात बोलत नाही.

आता यंत्र तुमच्या कामाचं नाही, विश्वनाथच्याही नाही. मी पूर्ण किंमत देतो, घासाघीस करणार नाही. शिवाय माझ्याकडं परवाना आहे. दिल्लीला मी काही कळवलेलं नाही, तो विषय संपला.

एक विनंती. यातलं काही आमच्या घरी कळू देऊ नये. माझाही संच स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे आणि गोपिका स्वभावानं भित्री आहे. उगीच डोक्यात घेऊन बसेल.

मधुकरराव


इंदोरा
१७ एप्रिल

जयभीम.

गोपिकाबाई,

तुमी मले ओळखत नाई. मी देवराव मेश्रामची बायको, तारघरवाल्या देवरावची. तुमचे मालक अठरा वर्षं माह्या घरी यायचे, थर्मास घेऊन. तो थर्मास तुमीच भरून देत असान.

देवरावची मशीन म्या विकली. तुमच्या मालकाले नाई. वर्ध्याचे रुपराव म्हनून रेल्वेतले गृहस्थ हाये, त्यायले बी हाच शौक, दिल्लीचा परवाना हाये. देवराव त्यायच्याशी बोले, म्हनून नाव माहीत होतं. म्या कळवलं, बायकोले संगं आना, नाई तर मशीन भेटनार नाई. त्यायले वाटलं, बाई येडी हाये. पन आले घेऊन, कौशल्याबाई नाव तिचं. मशीन चालू केली, बंद केली, प्लग काढला अन् काठी तिच्या हातात देल्ली. म्हनलं, टेकव. बार उडाला. म्या इचारलं, 'बाई, हे तुह्या घरात चालते काय, सांग. तू नाई म्हनली तर सौदा नाई.' तिनं नवऱ्याकडं असं पायलं का मानूस खाली पाहाले लागला. मंग म्हने, 'खोलीले कुलूप राहीन, किल्ली माह्या कमरेले.' तवा देल्ली.

आलेल्या पैशांत विश्वनाथले दोन नवे भोंगे घेऊन देल्ले. जयंतीच्या दिवशी म्या चौकात माइकसमोर उभी राहिली अन् सांगतलं का देवरावची मशीन या कामाची नव्हती, म्या न समजता शब्द देल्ला, माह्यामुळं विश्वनाथ मरता मरता वाचला. दोघंतिघं हसले. विश्वनाथची माय उठली अन् माह्या बाजूले येऊन उभी राहिली. मंग कोनी हसलं नाई.

आता तुमचं. तुमच्या मालकानं मले लिहिलं, हे गोपिकेले सांगू नका, ती भित्री हाये. म्हनूनच सांगून राहिली. तुमच्या स्वयंपाकखोलीच्या भिंतीपलीकडं तसाच डबा हाये. प्लग काढल्यावरही मानूस मारू शकते असा.

माह्यावर इस्वास ठेवू नका. मी तुमची कोन? मास्तरले म्हना, चालू करा, प्लग काढा, झाकन खोला, अन् मंग काठी न लावता दोन्ही हात ठेवून दाखवा. हात ठेवू देऊ नका बरं. ठेवते काय, तेवढं पाहा.

सिंधू मेश्राम


पारशिवनी
२५ एप्रिल

सिंधूताई,

नमस्कार. पत्र पोस्टमननं माह्याच हातात देल्लं, नाई तर भेटलं नसतं.

थर्मास मी भरत होती, ताई. मले सांगत, नागपूरचं पानी बाधते.

दुपारी जेवतांना इचारलं. म्हनले, काई धोका नाई, त्या बाईच्या डोक्यावर परिनाम झाला. मी म्हनली, बरं. जेवन झाल्यावर त्यायच्या मांगं खोलीत गेली. चालू कराले लावलं. प्लग मी ओढला. झाकन त्यायनंच खोललं, मले हसत हसत. मंग मी म्हनली, 'धोका नाई ना? मंग दोन्ही हात ठेवा.'

हसनं थांबलं. म्हनले, 'गोपिका, तुले काय समजते यातलं?' मी त्यायच्या हाताकडं पाहत राहिली. मंग डावा हात हळूच खिशात गेला.

वीस वर्षं मी त्या भिंतीले पाठ टेकून तांदूळ निसले, ताई. 

रात्री जेवाले वाढलं नाई. सकाळी ते शाळेत गेल्यावर खोलीले कुलूप घातलं. त्यायचा अँप्लिफायर आता मी विकाले काढला हाये. वर्ध्याच्या कौशल्याबाईचा पत्ता पाठवा. नवऱ्याचा नको, तिचाच पाठवा.

गोपिका